डिमेन्शियाचा धोका जास्त आहे असं कळलंय? मग या चुका टाळा

आई नाहीतर वडलांना अल्झायमर (डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) झालेला असतो, मग घरातलं कुणीतरी हौसेने जीन टेस्ट करतं आणि रिपोर्टमध्ये एपीओई-४, म्हणजे अल्झायमरचा धोका वाढवणारं जीन, निघतं, किंवा डॉक्टर तपासून सांगतात की माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट आहे (विसरणं वयापेक्षा जास्त, पण अजून डिमेन्शिया नाही), पुढे लक्ष ठेवायला लागेल. त्यानंतर घरात जे काय सुरू होतं ना, त्यातलं निम्मं तरी उगाच असतं.

पहिली चूक म्हणजे धोका आहे म्हणजे आजार झालाच असं धरून बसणं. एपीओई-४ ची एक कॉपी असेल तर अल्झायमरचा धोका साधारण २ ते ३ पट होतो, दोन असतील तर बराच जास्त, पण ते असून शेवटपर्यंत ठणठणीत राहिलेले लोक आहेत आणि ते नसूनही अल्झायमर झालेले आहेत. माइल्ड वाल्यांचंही तसंच, काहींचं वाढतं, काहींचं आहे तिथेच राहतं, काही तर परत नॉर्मलला येतात. आणि बी-१२ कमी, थायरॉइड, डिप्रेशन, काही झोपेच्या गोळ्या, यानेही विसरायला होतं, त्यामुळे बी-१२ आणि टीएसएच (थायरॉइडची) या रक्ताच्या टेस्ट आधी करून घ्या, शाकाहारी असाल तर नक्कीच.

दुसरी चूक घरच्यांची. "बाबा, आज वार कुठला? काल भाजी काय होती?" माणूस आधीच धास्तावलेला, त्यात रोज तोंडी परीक्षा! आमच्या ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात जाऊन कोथिंबीर विसरणं हे लक्षण नाही हो, ते माझंही दर आठवड्याला होतं. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, आयुष्यभर केलेला स्वयंपाक किंवा बँकेचं काम अचानक न जमणं, तोच प्रश्न थोड्या वेळात पुन्हा पुन्हा, असं दिसलं तर मात्र तारखेसकट लिहून ठेवा आणि न्यूरोलॉजिस्टला दाखवा.

आता सगळ्यात महागाची चूक. ब्राह्मीच्या गोळ्या, ओमेगाच्या कॅप्सूल, मोबाईलवर ब्रेन गेमचं सबस्क्रिप्शन, आणि बीपीची गोळी मात्र "आज बरं वाटतंय" म्हणून बंद! लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या कमिशनच्या २०२४ च्या रिपोर्टमध्ये डिमेन्शियाची बदलता येण्यासारखी १४ कारणं दिलीत, ती सगळी आटोक्यात आणली तर जगातल्या जवळपास ४५ टक्के केसेस टळू शकतात किंवा लांबू शकतात असं त्यांचं म्हणणं आहे. त्यात बीपी, शुगर, सिगारेट, दारू, वजन, एकटेपणा वगैरे आलंच, पण सगळ्यात वर आहेत ऐकू कमी येणं आणि एलडीएल, म्हणजे वाईट, कोलेस्टेरॉल. आपल्याकडे चष्मा चालतो, पण कानाचं मशीन म्हटलं की "मी काय म्हातारा झालो?" सुरू. ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्पांतून उठतो, मग तलावपाळीला फिरायला जाणं बंद, मग मित्रांचे फोन बंद. ऑडिओमेट्री, म्हणजे कानाची तपासणी, करून घ्या. कमी दिसणंही त्या यादीत आहे, मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन लांबवू नका. यादीत हवेचं प्रदूषणही आहे, घोडबंदर रोडवाल्यांनी हे वाचून फक्त हसायचं.

कागदपत्रांचं कुणीच बोलत नाही. पॉवर ऑफ अॅटर्नी (मुखत्यारपत्र) करून ठेवली की पुढचं टेन्शन नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, पण आपल्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की साधी पॉवर संपते, म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हाच. त्यापेक्षा जॉइंट खातं, सोसायटीत आणि बँकेत नॉमिनेशन, आणि मृत्युपत्र, हे सगळं डोकं शाबूत आहे तोवर वकिलाला विचारून उरकून टाका. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हेही विचारून घ्या.

आणि जीनचा रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकू नका प्लीज. तो भावंडांच्या आणि मुलांच्या जीनबद्दलही बोलतो, त्यांना हे कळायला हवंय का ते आधी एकेकाला फोन करून विचारा.

झोप उडाली असेल, सारखं तेच डोक्यात फिरत असेल तर रात्री गुगल करत बसू नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. फुकट आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलतात.