माउथपीस बदलण्याआधी

लग्नसराईत बॅन्डमधल्या एका क्लॅरिनेटवाल्याच्या सुरात फसफस हवा यायची, जबडाही लवकर दुखायचा. माउथपीसच्या, म्हणजे तोंडात धरायच्या भागाच्या, टोकाची फट सुमारे १.२ मिमी, वर साडेतीन नंबरची रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी. एवढ्या उघड्या टोकाला ती फार कडक. अडीचची लावताच फसफस गेली. माउथपीस तोच राहिला.

माउथपीस पारखताना आधी फक्त तो आणि बॅरल, म्हणजे त्याच्या लगेच खालचा आखूड नळीचा तुकडा, जोडून फुंकावे. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर ट्यूनरने, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्राने, साधारण एफ शार्प, म्हणजे हार्मोनियमची काळी तीन, दाखवावी. सूर चढला तर वादक माउथपीस दाताओठांनी फार आवळतोय, उतरला तर ओठ सैल. मग पूर्ण वाद्यावर खालचा सूर धरून, तोंड न हलवता रजिस्टरची, म्हणजे सूर वरच्या पट्टीत नेणारी, किल्ली दाबायची. वरचा सूर अडखळला किंवा किंचाळला, तर रीडचे टोक सरळ बसलेय का पाहावे. जोरात फुंकल्यावर आवाज गुदमरत असेल, तर अरुंद फटीवर रीड मऊ पडतेय. दोन माउथपीसची तुलना मात्र एकाच रीडवर.

हे सगळे कूलरच्या झोतासमोर नको. नागपूरच्या मे महिन्यात ओली रीड बघता बघता सुकते, टोक वाकडे होते आणि दोष माउथपीसवर जातो. एबोनाइटचे, म्हणजे कडक रबराचे, माउथपीस गरम पाण्याने धुऊ नये, उन्हातल्या गाडीत तर नकोच.