युद्धात आयपी पत्ते वाचवायचेत? मग या चुका टाळा

"डोक्याला बंदूक लावली तरी आमची माणसं सही करणार नाहीत." हे वाक्य मी दोन वेगवेगळ्या इंटरनेट कंपन्यांच्या मालकांच्या तोंडून ऐकलंय. सही म्हणजे कंपनीचे आयपी पत्ते, इंटरनेटवर तिची यंत्रं ओळखणारे आकडे, दुसऱ्याच्या नावावर करून देणारी. दोघेही त्या वेळी सुरक्षित शहरात बसलेले होते. ज्यांच्यावर सहीची वेळ येणार होती, ती माणसं मात्र चेकपोस्टच्या पलीकडे अडकलेली. याला मी पहिल्या नंबरची चूक मानतो. पगारी नोकराच्या शौर्यावर कंपनीची मालमत्ता टांगून ठेवू नका. बंदुकीसमोर माणूस सही करतो, आणि त्याने ती करावीच.

मी पुण्यात बसून युरोपातल्या काही छोट्या इंटरनेट कंपन्यांची नेटवर्कं सांभाळतो. २०२२ पासून त्यात युक्रेनची कामं वाढली. तेव्हापासून त्याच त्या चुका बघून कंटाळलोय, म्हणून एकदा लिहून टाकतो.

आधी हिशोब. युरोप आणि मध्यपूर्वेच्या आयपी पत्त्यांची नोंद ॲमस्टरडॅमची राइप एनसीसी ही रजिस्ट्री ठेवते. तिच्याकडचे आयपीव्ही४ म्हणजे जुन्या पद्धतीचे, मोजकेच असलेले पत्ते नोव्हेंबर २०१९ मध्ये संपले, तेव्हापासून खरी किंमत जुन्या धारकांकडच्या पत्त्यांना. २०२२ मध्ये एका पत्त्याचा भाव पन्नास डॉलरच्या आसपास होता. १,०२४ पत्त्यांचा लहानसा ब्लॉक म्हणजे पन्नासेक हजार डॉलर, आपले तेव्हाचे चाळीस लाख रुपये. शिवाय हा माल ट्रकमध्ये भरून न्यावा लागत नाही. दोन्ही बाजूंच्या अधिकृत सह्या आणि कंपनी नोंदणीचा उतारा दिला की ट्रान्सफर होते. दमदाटी करून घेतलेली सही आणि राजीखुशीची सही कागदावर अगदी सारखी दिसतात.

सातबारा आणि वहिवाट यांची गल्लत

नव्या पोरांना हे समजावताना माझा घसा सुकतो. रजिस्ट्रीतली नोंद म्हणजे सातबारा. बीजीपीमधून, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना मार्ग कळवतात त्या पद्धतीतून, पत्ते कोण जाहीर करतोय आणि ट्रॅफिक कुठून जातोय, ती झाली वहिवाट. एक सुटलं म्हणून दुसरं सुटत नाही, आणि एक राखलं म्हणून दुसरं आपोआप राखलं जात नाही.

दक्षिण युक्रेनमधल्या खेरसोन शहराचंच घ्या. मार्च २०२२ च्या सुरुवातीला रशियन फौजांनी शहर घेतलं. ३० एप्रिलला इंटरनेट बंद पडलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या खेरसोनटेलिकॉम कंपनीचं ट्रॅफिक परत दिसू लागलं, पण रशियाच्या ताब्यातल्या क्रिमियातल्या मिरांडा मीडिया कंपनीकडून पुढे रशियाच्या रोसटेलिकॉममार्गे. गिऱ्हाईकं तीच, पत्ते तेच, नोंदीतला धारकही तोच. फक्त वाट बदलली. त्या दिवशी मला एकाचा फोन आला, "आमचे पत्ते गेले!" म्हटलं, गेले नाहीत, नांगर दुसऱ्याचा चालतोय. नोव्हेंबरमध्ये युक्रेनने शहर परत घेतलं. नोंद शाबूत असेल तर वहिवाट परत मिळवता येते. नोंदच दुसऱ्याच्या नावावर चढली असेल तर मात्र फेरफार रद्द करून घेण्यासाठी वकील गाठायचा.

"आम्ही आरपीकेआय लावलंय, आम्हाला चिंता नाही" असं सांगणाराही याच पंथातला. हा पत्ता जाहीर करायचा हक्क कोणत्या नेटवर्कला आहे, एवढंच आरपीकेआय हा डिजिटल दाखला सांगतो. मधली वाट कोणाच्या दारातून जाते याच्याशी त्याला देणंघेणं नाही, आणि ट्रान्सफर तर त्याने मुळीच अडत नाही.

एका माणसाच्या एका फोनमध्ये सगळ्या किल्ल्या

ही माझी खास नावडती चूक, कारण तिने माझी झोप घालवली होती.

दक्षिण युक्रेनमधला एक छोटा इंटरनेट प्रोव्हायडर. मालक वेळेवर पश्चिमेला निघून गेला होता, तंत्रज्ञ मागेच राहिला. रजिस्ट्रीच्या पोर्टलचं लॉगिन त्या तंत्रज्ञाचं, आणि टू-फॅक्टरचे, म्हणजे पासवर्डनंतरच्या दुसऱ्या खातरजमेचे, सहा आकडे दाखवणारं ॲप त्याच्या फोनमध्ये. पुढे त्यालाही निघावं लागलं. वाटेतल्या चेकपोस्टवर फोन तपासत होते, म्हणून आदल्या रात्री त्याने फोन पार कोरा करून टाकला. मीही तेच केलं असतं. सुखरूप पोचला, ॲप परत टाकलं, आणि सहा आकड्यांच्या जागी काहीच नाही.

"रिकव्हरी कोड कुठेयत?" मी विचारलं.

"डायरीत."

"डायरी?"

"ऑफिसच्या कपाटात."

पासवर्डही त्याच डायरीत. कंपनीचे मूळ कागदही त्याच कपाटात. ऑफिस त्या शहरात, जिथे आता दुसऱ्याच कोणाचा तरी पहारा. म्हणजे मालकाला स्वतःच्या खात्यात शिरता येत नव्हतं, आणि कपाट फोडणाऱ्याच्या हाती मात्र सगळा संच आयता! ओळख पटवून खातं परत मिळवायला जवळजवळ तीन आठवडे लागले. तोवर रोज सकाळी चहा गॅसवर ठेवायचा आणि सार्वजनिक डेटाबेसमध्ये त्या ब्लॉकपुढे कोणाचं नाव आहे ते बघायचं, हा माझा नेम झाला होता. कपाटाला कोणी हात लावला नाही हे आमचं नशीब.

तेव्हापासून माझी पद्धत अशी: दोन वेगळ्या माणसांची दोन वेगळी खाती, त्यातला एक माणूस लढाईच्या टापूबाहेरचा. रिकव्हरी कोड कागदावर छापून लिफाफ्यात, लिफाफ्याच्या जोडावर सही, वरून सेलोटेप. कागदपत्रांचा दुसरा संच दुसऱ्या देशात. धोक्यातल्या गावात राहणाऱ्याकडे नेटवर्क चालवण्यापुरतेच अधिकार. ट्रान्सफरची सही त्याच्या नावावर ठेवायचीच नाही. पासवर्ड मॅनेजरवाले माझ्या सेलोटेपला हसतात. हसू देत.

टू-फॅक्टरचा एवढा त्रास, तर ते काढूनच टाकू, हा शॉर्टकट सुचवणारेही भेटतात. त्यांना मी ऑरेंज स्पेन या टेलिकॉम कंपनीची गोष्ट सांगतो. ३ जानेवारी २०२४ ला एवढ्या मोठ्या कंपनीचं इंटरनेट काही तास कोलमडलं. राइपच्या खात्याचा पासवर्ड होता 'राइपॲडमिन', टू-फॅक्टर नव्हतं, आणि पासवर्ड एका कर्मचाऱ्याच्या व्हायरस लागलेल्या कॉम्प्युटरवरून आधीच चोरीला गेलेला. चोराने आरपीकेआयच्या नोंदी चुकीच्या भरल्या, आणि जगभरच्या राउटरांनी ऑरेंजचेच मार्ग अवैध म्हणून टाकून दिले. तिथे तर युद्धही नव्हतं.

रजिस्ट्री आपली बाजू घेईल, ही आशा

सोडून द्या. मार्च २०२२ मध्ये युक्रेनचे उपपंतप्रधान मिखाइलो फेदोरोव्ह यांनी रशियाचे पत्ते काढून घ्या अशी मागणी केली, ती राइप एनसीसीने मानली नाही. मला त्यांचं पटतं, अनेकांना पटत नाही. पण ती तटस्थ राहणार हे धरूनच तयारी करा. तिला युद्ध दिसत नाही, कागद दिसतो.

कुलूप न लावणं

युक्रेनच्या लोकांनी लावून धरल्यावर राइप एनसीसीकडे ऐच्छिक ट्रान्सफर लॉकची सोय आली. धारकाने स्वतः मागायचं, की ठरावीक मुदतीपर्यंत माझ्या पत्त्यांची ट्रान्सफर करू नका. मधेच मन बदललं म्हणून काढता यावं अशी त्याची रचना नाही. लोक नेमकी यालाच नावं ठेवतात: "उद्या विकायचे झाले तर?" अहो, तुम्हाला काढता आलं असतं तर बंदूकवाल्यालाही तुमच्याकडून काढून घेता आलं असतं. आपल्या तंत्रज्ञाला "माझ्या हातात नाही, ॲमस्टरडॅमला बंद आहे" असं खरं खरं सांगता यावं, यासाठी ते कुलूप. मात्र ते शांत असताना लावायचं. रणगाडे गावात शिरल्यावर अर्ज भरायला बसू नका.

बाकीच्या भराभर:

घाबरून सगळा ब्लॉक पोलंडमधल्या मेव्हण्याच्या कंपनीवर ट्रान्सफर करू नका. ट्रान्सफर झालेला ब्लॉक २४ महिने पुन्हा दुसऱ्याला ट्रान्सफर करता येत नाही, आणि मेव्हणे काय असतात ते मी सांगायला नको.

संपर्काचा ईमेल स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवू नका. नेटवर्क पडलं की रजिस्ट्रीचं पत्रही पडलं.

वार्षिक फी थकवू नका.

जबरदस्तीची सही झालीच असेल तर लाजू नका, त्याच तासाला रजिस्ट्रीला लिहा, कुठे, कधी, कोणासमोर झाली ते सगळं.

आणि कुलपाची मुदत संपते हे विसरू नका. मी ती तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहितो, दोन महिने आधीच्या पानावर, लाल पेनाने. बायकोला बरेच दिवस ती दुधाची थकबाकी वाटत होती.