फाइल पुन्हा उघडली आणि फॉर्म्युले बिघडले? आधी हे तपासा

गेल्या गणपतीत आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मंडळाचा एक्सेलमधला जमाखर्च रात्री साडेअकराला एकदाचा जुळला. सकाळी खजिनदार काकांनी तीच फाइल रावपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्हवरून उघडली, तर एकूण वर्गणीच्या रकान्यात रेफ एरर (#REF!, म्हणजे फॉर्म्युल्यातला पत्ता सापडत नाही). लगेच फोन आला, "अरे, मी कशालाच हात लावला नाही रे, नुसती उघडली!"

काका खरंच सांगत होते. गुन्हा माझा होता, तो पुढे येईलच.

पहिलं काम म्हणजे काहीही सेव्ह करू नका. एक्सेलने विचारलं तरी 'डोन्ट सेव्ह' म्हणा, फाइलची एक कॉपी काढा आणि सगळे प्रयोग त्या कॉपीवर करा. फॉर्म्युला पुन्हा टाइप करायची घाई तर मुळीच नको. आधी सेलमध्ये नेमकं काय दिसतंय ते बघा.

उत्तराऐवजी फॉर्म्युलाच दिसतोय. सगळ्या शीटवर तसं असेल तर कंट्रोल दाबून १ च्या डावीकडची कळ दाबा. बहुतेक वेळा कुणाचा तरी चुकून हात लागलेला असतो. एखाद्याच रकान्यात असेल तर त्याचं फॉरमॅट टेक्स्ट झालंय. ते जनरल करा, मग एफ२ आणि एंटर. नुसतं फॉरमॅट बदलून भागत नाही.

आकडा दिसतो, पण शिळा. नवी पावती भरली तरी बेरीज जागची हलत नाही. फॉर्म्युला टॅबमध्ये कॅल्क्युलेशन ऑप्शन्स उघडा. मॅन्युअल असेल तर ऑटोमॅटिक करा. एक्सेल ही सेटिंग सुरू झाल्यावर सगळ्यात आधी उघडलेल्या फाइलवरून उचलतं आणि मागून उघडलेल्या सगळ्या फाइलींना लावतं. म्हणजे दुकानदाराची मॅन्युअलवाली फाइल आधी उघडी असेल तर तुमची धडधाकट फाइलही थिजते. तेवढ्यापुरतं एफ९ दाबून काम भागतं. फाइल व्हॉट्सअ‍ॅप किंवा मेलवरून आली असेल तर वर पिवळी पट्टी दिसते. 'एनेबल एडिटिंग' दाबेपर्यंत काहीच हलत नाही. एक्सेलऐवजी लिबरऑफिस वापरत असाल तर टूल्स, ऑप्शन्स, कॅल्क, फॉर्म्युला या वाटेने जाऊन फाइल उघडताना पुन्हा गणित करायचं की नाही ते ठरवा.

एरर दिसतोय. इथे मात्र जरा बसावं लागतं.

आमच्याकडे दोन फाइली होत्या, एक जमाखर्चाची आणि एक पावत्यांची. जमाखर्चात मी हुशारी करून इनडायरेक्ट (INDIRECT, मजकूर म्हणून लिहिलेल्या पत्त्यावरून आकडा आणणारं फंक्शन) वापरून पावत्यांच्या फाइलमधले आकडे ओढले होते. इनडायरेक्टला समोरची फाइल उघडीच लागते. रात्री माझ्याकडे दोन्ही उघड्या होत्या, म्हणून सगळं गोड. काकांनी एकच नेली, म्हणून रेफ. अट लावून बेरीज आणि मोजणी करणाऱ्या समइफ (SUMIF) आणि काउंटइफ (COUNTIF) यांचीही तीच खोड. दुसरी फाइल बंद असली की ते व्हॅल्यू एरर (#VALUE!) देतात. तिथे समप्रॉडक्ट (SUMPRODUCT) वापरलं तर बंद फाइलमधूनही बेरीज येते.

साधी लिंक असेल तर डेटा टॅबमध्ये एडिट लिंक्स उघडा (नव्या एक्सेलमध्ये वर्कबुक लिंक्स) आणि चेंज सोर्सने फाइल आता कुठे आहे ते दाखवा. पेन ड्राइव्ह एका कॉम्प्युटरवर ई असतो, दुसऱ्यावर एफ, तिथेच अर्धे पत्ते चुकतात. दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवून अख्खा फोल्डर उचलला तर हा घोळ सहसा होत नाही.

माझं मत विचाराल तर मंडळाच्या हिशेबाला दोन फाइली हव्यातच कशाला? दोन्ही उघडा, पावत्यांच्या शीटच्या टॅबवर राइट क्लिक करून मूव्ह ऑर कॉपीने ती जमाखर्चात आणा. साधे फॉर्म्युले आपोआप नवा पत्ता धरतात. इनडायरेक्टमधला पत्ता अवतरणातला नुसता मजकूर असतो, तो हातानेच बदलावा लागतो. मला त्यात अर्धा तास गेला आणि काकांनी आणलेल्या शेव उसळीचा रस्सा पार गार झाला.

नेम एरर (#NAME?) आला तर फॉर्म्युला बहुधा जुन्या एक्सेलला ओळखीचा नाही. उदाहरणार्थ, यादीतून आकडा शोधून आणणारं एक्सलुकअप (XLOOKUP) २०१६ आणि २०१९ च्या एक्सेलमध्ये नाही. आधी जुना आकडा दिसत राहतो, सेलमध्ये जाऊन एंटर मारलं की नेम. त्याऐवजी इंडेक्स-मॅचची (INDEX, MATCH) जोडी लावा, ती सगळीकडे चालते.

बँकेचं स्टेटमेंट सीएसव्हीत (CSV, साध्या मजकुराची फाइल) उतरवून त्यातच फॉर्म्युले घातले असतील तर मात्र इलाज नाही. सीएसव्हीत फक्त आकडे उरतात, तेही एकाच शीटचे. उतरवल्या उतरवल्या 'सेव्ह अ‍ॅज' करून एक्सेल वर्कबुक करा. तारखाही बघा. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर ०५-०९ ही ९ मे होते आणि २५-०९ नुसता मजकूर राहून डावीकडे चिकटते.

शेवटी एक चाचणी, फाइल कुणाच्या हातात देण्याआधीची. एक्सेल पूर्ण बंद करा, एकही फाइल उघडी ठेवू नका. मग फक्त तीच फाइल उघडा, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ९ एकत्र दाबा आणि एकूण रक्कम पावतीपुस्तकाशी ताडून बघा. जमलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरही हेच करा. काका आता आधी हे करतात आणि मगच पेन ड्राइव्ह काढतात.