केबल लांब की आखूड? होम थिएटर जोडताना या चुका टाळा

लांबीने फरक पडतो का, याचं एकच उत्तर नाही. स्पीकरच्या वायरला पडतो, पण तिथे लांबीपेक्षा जाडी महत्त्वाची. सबवूफरच्या केबलला जवळपास पडत नाही. एचडीएमआयला मात्र इतका पडतो की रंगकाम झाल्यावर भिंत पुन्हा फोडायची वेळ येते. म्हणून काळजी कुठे घ्यायची, हे आधी ठरवायला हवं.

डाव्या-उजव्या वायरी मोजून सारख्या कापणे

ॲम्प्लिफायरपासून डावा स्पीकर ३ मीटरवर असतो, उजवा ८ मीटरवर. मग दोन्हीकडे ८-८ मीटर वायर टाकतात आणि उरलेलं वेटोळं टीव्हीमागे कोंबतात. याची गरज नाही. वायरमधून संकेत सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. ५ मीटर जास्त वायरीमुळे होणारा उशीर सेकंदाच्या चार कोटीव्या भागाइतका. तेवढ्या वेळात आवाज हवेतून एक मिलिमीटरचा शंभरावा भागही पुढे जात नाही. सोफ्यावर जरा सरकून बसलात तरी याच्या हजारो पट फरक पडतो. प्रत्येक वायर लागेल तेवढी घ्या, वर फूट-दीड फूट सैल ठेवा.

लांब अंतराला बारीक वायर वापरणे

सेटसोबत येणारी वायर बहुधा अर्धा एमएमची (म्हणजे तांब्याचा छेद अर्धा चौरस मिमी) असते. समोरच्या स्पीकरला ती चालून जाते. मागच्या स्पीकरपर्यंत फॉल्स सीलिंगमधून १० मीटर जायचं असेल तर हिशेब करा. करंट जातो आणि परत येतो, म्हणजे तांबं २० मीटर. अर्धा एमएममध्ये हा रोध होतो सुमारे ०.७ ओहम, दीड एमएममध्ये ०.२४ आणि अडीच एमएममध्ये ०.१५ च्या आत. वायरचा रोध स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवायचा, म्हणजे ८ ओहमला ०.४ आणि ४ ओहमला ०.२. त्यामुळे १० मीटरला ८ ओहमच्या स्पीकरसाठी दीड एमएम पुरते, ४ ओहमसाठी अडीच घ्या.

याकडे दुर्लक्ष केलं तर फक्त आवाज थोडा कमी होतो असं नाही. ४ ओहम लिहिलेल्या स्पीकरचा इम्पिडन्स (संकेताला होणारा एकूण रोध) वेगवेगळ्या सुरांना ३ पासून १५ पर्यंतही बदलू शकतो. ०.७ ओहमची वायर मध्ये आली की ३ वाले सूर १५ वाल्यांपेक्षा सुमारे दीड डेसिबल जास्त दबतात. स्पीकरचा मूळ स्वभावच बदलतो आणि बास ढिला वाटतो.

स्वस्त वायर घेताना एक तार नखाने किंवा ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरट निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट धरा आणि एक माप जाड घ्या.

भिंतीत लांब एचडीएमआय टाकून मग टीव्ही जोडणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. १०८०पी चित्राला ६० हर्ट्झवर सेकंदाला सुमारे साडेचार गिगाबिट लागतात. पूर्ण रंगाच्या ४केला त्याच्या चौपट, म्हणजे जवळजवळ १८. म्हणून जुन्या टीव्हीवर वर्षानुवर्षे नीट चाललेली १० मीटरची केबल नव्या ४के टीव्हीवर अडते. साधी तांब्याची केबल १८ गिगाबिटला ५ मीटरपर्यंतच भरवशाची धरा, ८केसारख्या ४८ गिगाबिटला ३ मीटरच्या आसपास.

केबल कमी पडली की चित्र फिकट किंवा धूसर होत नाही. तो ॲनालॉग केबलचा दोष. इथे पांढरे ठिपके चमकतात, पडदा दोन-तीन सेकंद काळा होऊन परत येतो, किंवा ‘नो सिग्नल’ येतं. खात्री करायची तर सोर्सचं (चित्र पाठवणाऱ्या बॉक्सचं) रिझोल्यूशन १०८०पीवर आणा. त्रास थांबला तर संशय केबलवर. मग तोच बॉक्स टीव्हीजवळ नेऊन दीड-दोन मीटरच्या केबलने पुन्हा ४के लावा. चाललं तर दोष लांब केबलचाच. दोन केबल जॉइनरने जोडून लांबी वाढवू नका, प्रत्येक जोडात संकेत आणखी कमजोर होतो.

प्रोजेक्टरसाठी १०-१५ मीटर लागणारच असतील तर ऑप्टिकल (तांब्याऐवजी प्रकाशाने संकेत नेणारी) एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते: एका टोकावर सोर्स, दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. उलटी ओढली तर चित्रच येत नाही. म्हणून पाइपात टाकण्याआधी जमिनीवर पसरून, ४के ६० हर्ट्झवर अर्धा तास चालवून बघा.

पाइपही आत्ताच ठरवा. एचडीएमआयचं डोकं सुमारे २० मिमी रुंद असतं. २५ मिमीच्या पाइपात ते पहिल्याच वळणावर अडकतं. झिरी मारतानाच ४० मिमीचा पाइप टाका, काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड वापरा, आणि आत पुढे केबल ओढायला एक नायलॉनची दोरी कायमची ठेवा.

घुं असा आवाज आला की केबल आखूड करणे

सबवूफरची शिल्ड असलेली आरसीए केबल ८-१० मीटर असली तरी चालते. घुं असा आवाज बहुधा अर्थिंगच्या लूपमुळे येतो, म्हणजे उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडली जातात आणि त्या वेढ्यातून करंट फिरतो. सेट-टॉप बॉक्समध्ये येणारी कोएक्स केबल काढून पाहा. आवाज थांबला तर लूप तिथूनच येतो. सगळी उपकरणं एकाच बोर्डवर घ्या. तरीही राहिला तर केबल टीव्हीच्या कोएक्सवर आयसोलेटर (लूप तोडून फक्त संकेत जाऊ देणारा जोड) बसतो. डिशच्या केबलवर मात्र तो लावू नका, कारण एलएनबीला (डिशसमोरच्या रिसीव्हरला) त्याच केबलमधून वीज जाते आणि आयसोलेटर ती अडवतो. तिथे बॉक्सपासून ऑप्टिकल केबलने आवाज घ्या. ५ मीटरपर्यंत ती निर्धास्त चालते. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा ‘उपाय’ कधीच करू नका. आवाज जातो, पण बिघाड झाला तर उपकरणाच्या धातूच्या अंगात करंट उतरतो.

चित्र गेलं की डिशच्या केबलच्या लांबीला दोष देणे

चांगल्या आरजी-६ (डिशच्या नेहमीच्या कोएक्स) केबलमध्ये ३० मीटरला, वरच्या फ्रिक्वेन्सीवरही, ९-१० डेसिबलच जातात, आणि तेवढं चालतं. पाऊस कोसळत असतानाच चित्र जात असेल तर तो पावसाच्या थेंबांचा परिणाम. पाऊस थांबून ऊन पडलं तरी चॅनल येत नसतील तर गच्चीवरचं कनेक्टर उघडा. तांब्याची मधली तार हिरवी-काळी दिसली तर पाणी शिरलंय. खराब तुकडा कापा, नवं कनेक्टर बसवा, वर सेल्फ-बाँडिंग टेप गुंडाळा, आणि खिडकीतून आत येण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी बाहेरच ठिबकेल.