उन्हाळी परीक्षेची तयारी

नागपुरात महाविद्यालयीन परीक्षा उन्हाळी आणि हिवाळी या दोन नावांनी ओळखल्या जातात, आणि उन्हाळी परीक्षेला बसणाऱ्याला अभ्यासाबरोबर उन्हाचाही हिशेब ठेवावा लागतो. वेळापत्रक लागण्याची वाट न पाहता अभ्यासक्रमाची प्रत आणि मागील तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका जमवाव्यात, आणि कोणत्या घटकावर कोणता प्रश्न कितीदा व कोणत्या शब्दांत विचारला गेला, हे वहीच्या एकाच पानावर उतरवून घ्यावे. बाजारातील ‘अपेक्षित प्रश्नसंच’ उजळणीपुरता ठीक आहे. केवळ तोच पाठ करणाऱ्याची गाडी प्रश्नाचा एखादा शब्द बदलला तरी अडते.

खरी मेहनत लिहिण्याच्या सरावावर घ्यावी. 80 गुणांच्या, 3 तासांच्या पेपरात एका गुणाला 2 मिनिटे धरली, तर लिहिण्यात 160 मिनिटे जातात आणि प्रश्नपत्रिका वाचायला व उत्तरे तपासायला 20 मिनिटे उरतात. म्हणजे 16 गुणांच्या प्रश्नाला 32 मिनिटे मिळतात. पहिला प्रश्न चांगला येतो म्हणून त्यावर पाऊण तास घालवला, की शेवटचा अर्धवट राहतो; ही चूक मी स्वतः दोन परीक्षांत केली आहे. म्हणून प्रत्येक विषयाची निदान एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून पूर्ण सोडवावी, आणि तीही कूलर बंद करून, कारण परीक्षेच्या खोलीत बहुधा पंखाच असतो.

मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा अवघड विषय पहाटे पाच ते नऊ या वेळेत उरकावेत आणि दुपार उजळणीला ठेवावी. पेपरच्या आदल्या रात्री जागरण करू नये आणि झणझणीत सावजी जेवणाचा बेत पेपर संपेपर्यंत लांबवावा. केंद्र अनोळखी असेल, तर आदल्या दिवशी पाहून यावे. खापरीकडून मेट्रोने लोकमान्य नगरच्या बाजूला जाणाऱ्याला सीताबर्डीला गाडी बदलावी लागते, तो वेळही धरावा. पाण्याची बाटली आणि दुपट्टा सोबत असू द्यावा, ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेल्या कांद्यावर सगळी भिस्त ठेवू नये.

खोलीत बसल्यावर आधी रोल नंबर आकड्यांत आणि अक्षरांत नीट लिहावा. घामाने जेल पेनची शाई पसरते, त्यामुळे साधे बॉल पेन वापरावे आणि मनगटाखाली रुमाल ठेवावा. प्रश्नाचा क्रमांक प्रश्नपत्रिकेत आहे तसाच समासात लिहावा. शेवटच्या दहा मिनिटांत नवे उत्तर सुरू न करता हे क्रमांक पडताळावेत, पुरवण्या मोजाव्यात आणि क्रमाने लावून दोऱ्याने घट्ट बांधाव्यात. एकदा सैल गाठीमुळे माझी पुरवणी पर्यवेक्षकांच्या हातातच सुटली होती. पुढच्या प्रत्येक पेपरला मी दोन गाठी मारल्या.