कोणाचं बल कोणावर? क्रिया-प्रतिक्रियेच्या या चुका टाळा

नववीच्या विज्ञानात गतीचे नियम पहिल्याच धड्यात येतात. जून संपायच्या आत मुलं न्यूटनचा तिसरा नियम (एक वस्तू दुसरीवर जेवढं बल लावते, तेवढंच बल दुसरी पहिलीवर उलट दिशेने लावते; ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी) घडाघडा म्हणून दाखवतात आणि बारावी झाली तरी तोच नियम चुकीचा लावतात. हा धडा शिकवताना दरवर्षी मला त्याच त्या चुका भेटतात.

'दोन्ही बलं समान, मग ती रद्द होतात'

बैल गाडीला जेवढा ओढतो तेवढीच गाडी बैलाला मागे ओढते, मग गाडी हलते कशी? प्रश्न चांगला आहे, पण त्याचं 'बैलाचं बल थोडं जास्त असतं' हे उत्तर साफ चूक आहे. जास्त नसतं. दोन ताणकाटे (स्प्रिंगचे वजनकाटे) एकमेकांत अडकवा आणि एकच बाजू ओढा, हवी तर दोन्ही ओढा. दोन्हींवर आकडा सारखाच येतो.

बेरीज-वजाबाकी करायची तर बलं एकाच वस्तूवर लागलेली हवीत. इथे एक बल गाडीवर आहे आणि दुसरं बैलावर. मी फळ्यावर आधी गाडीभोवती खडूने गोल काढते आणि गोलाच्या आतल्या वस्तूवर लागणारीच बलं मोजू देते. समजा बैलजोडी गाडीला ६०० न्यूटन (हे बलाचं एकक) बलाने पुढे ओढते आणि गाडीला मागे धरणारं घर्षण ४०० आहे. उरले २०० न्यूटन. भरलेली गाडी १६०० किलोची असेल तर त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर, ०.१२५ मीटर प्रति सेकंद वर्ग. आता गोल बैलांभोवती. गाडी त्यांना ६०० ने मागे ओढते आहे. दोन्ही बैल मिळून ८०० किलोचे, म्हणजे तेवढ्याच त्वरणासाठी त्यांना १०० न्यूटन उरायला हवेत. तेव्हा जमिनीने त्यांना ७०० ने पुढे ढकललं पाहिजे. बैल खुरांनी जमीन मागे रेटतात, जमीन त्यांना पुढे रेटते. ओल्या डांबरी रस्त्यावर खूर सरकतात तेव्हा बैलांची ताकद कमी झालेली नसते, जमीन ते ७०० न्यूटन देऊ शकत नसते.

रस्सीखेचीचंही तेच. दोरी दोन्ही संघांना सारखीच ओढते (दोरीचं वजन सोडून द्या), आणि जिंकतो तो ज्याचे पाय जमिनीत घट्ट रुतलेत.

'पुस्तकाचं वजन ही क्रिया, टेबलाचा आधार ही प्रतिक्रिया'

ही चूक माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागते, कारण ती छापील गाइडांतही सापडते. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या एका मुलीने शाळेच्या चाचणीत लिहिलं होतं की पुस्तकाच्या वजनाची प्रतिक्रिया पृथ्वीवर असते. तिचे दोन्ही गुण कापले गेले. ती पेपर घेऊन माझ्याकडे आली तेव्हा रडवेली झाली होती, आणि बाकीची मुलं 'गाइडात तर टेबलच दिलंय' म्हणत तिच्यावरच उलटली.

मी घरातला वजनकाटा काढला. जुना, सुईचा. डिजिटल काटा आकडा स्थिर झाला की तो धरून ठेवतो, त्यामुळे त्याचा इथे उपयोग नाही. ५० किलोच्या एका मुलाला त्यावर उभं केलं आणि आम्ही इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरलो. वर निघताना क्षणभर काटा ५४ कडे गेला, मग ५० वर आला आणि थांबताना ४६ च्या आसपास उतरला. सहा वेळा वर-खाली केलं, कारण प्रत्येकाला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

पृथ्वीचं त्या मुलाला ओढणं बदललं का? नाही, ते ४९० न्यूटनच राहिलं. पायाखालचा रेटा मात्र बदलला. क्रिया-प्रतिक्रियेची जोडी कधीही, क्षणभरही असमान होत नाही. पृथ्वीची ओढ आणि काट्याचा रेटा ही दोन बलं असमान झाली, म्हणजे ती जोडी नव्हेच. टेबलावरचं पुस्तक स्थिर असतं म्हणून तिथे ती समान दिसतात, एवढंच. खऱ्या जोड्या दोन: पृथ्वी मुलाला खाली ओढते आणि मुलगा पृथ्वीला ४९० न्यूटनने वर ओढतो, पाय काट्याला खाली रेटतात आणि काटा पायांना वर रेटतो. पृथ्वी हललेली दिसत नाही, कारण तिचं वस्तुमान सहावर चोवीस शून्यं इतके किलो आहे.

माझी सवय साधी आहे. प्रत्येक बल पूर्ण वाक्यात लिहायचं: 'पृथ्वी पुस्तकाला ओढते.' मग नावांची अदलाबदल करायची: 'पुस्तक पृथ्वीला ओढतं.' क्रियापद तेच राहिलं पाहिजे. 'ओढते'चं 'रेटतं' झालं की जोडी चुकली. मुलांना हा लिखाणाचा कंटाळा येतो, थेट बाण काढून सूत्रात आकडे घालायची घाई असते. पहिले पंधरा दिवस मी वाक्याशिवाय बाण तपासतच नाही.

बाकीच्या, थोडक्यात

'आधी क्रिया, मग प्रतिक्रिया.' हा गोंधळ शब्दाचा आहे. बातम्यांत प्रतिक्रिया घटनेनंतर येते. इथे दोन्ही बलं एकाच वेळी असतात आणि कोणाला क्रिया म्हणायचं ते आपण ठरवतो.

'ट्रक स्कूटरला जास्त जोरात मारतो.' बल दोघांवर सारखंच. स्कूटरचं वस्तुमान कमी, म्हणून तिचा वेग झटक्यात बदलतो आणि स्वार जिवाला मुकतो.

'घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध.' चालताना तळव्यावरचं घर्षण पुढच्याच दिशेला असतं. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात पाऊल टाकून बघा, ते किती कामाचं आहे हे कळेल. जपून टाका.

'रॉकेट हवेला ढकलून वर जातं.' १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या संपादकीयाने निर्वात जागेत रॉकेट चालणार नाही असं म्हणत अमेरिकी रॉकेटशास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्डला शाळकरी ज्ञानही नसल्याचं सुनावलं होतं. चूक दुरुस्त झाली १७ जुलै १९६९ ला, अपोलो ११ निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. तोवर गोडार्डला जाऊन जवळपास चोवीस वर्षं झाली होती. रॉकेट मागे ढकलतं ते स्वतःतून निघणाऱ्या वायूला, आणि तो वायू रॉकेटला पुढे ढकलतो. बाहेरची हवा त्यात अडथळाच आणते.