वीजदरवाढीवर हरकत घेताय? या चुका टाळा

दरवाढीची बातमी आली की मोर्चे निघतात, बिलांची होळी होते आणि महावितरणच्या कार्यालयात निवेदन देतानाचा फोटो पेपरात येतो. खुशाल करा, पण दर तिथे ठरत नाहीत. ते ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. विद्युत कायदा २००३ च्या कलम ६४ नुसार कंपनीला दराची याचिका जाहीर करावी लागते आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोग आदेश देतो. अभियंत्याच्या टेबलावरचं निवेदन या प्रक्रियेत कुठेच येत नाही.

मुदत हुकणं ही नेहमीची गोष्ट. जाहीर नोटीस वर्तमानपत्रात बारीक टायपात येते आणि तिच्यावर चर्चा सुरू होईतो तारीख उलटून गेलेली असते. नोटीस दिसताच आधी शेवटची तारीख आणि सुनावणीचं ठिकाण टिपून घ्या. प्रत्यक्ष बोलायचं असेल तर हरकतीतच तसं लिहा. मराठीत लिहिलेली हरकत चालते. इंग्रजीसाठी वकील शोधत बसू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वेगळीच आहे. ‘महागाईने कंबरडं मोडलंय, दरवाढ रद्द करा’ एवढंच लिहून पाठवणं. आयोगाचा कुठलाही दर आदेश उघडून पाहा: आधी हरकत, मग कंपनीचं उत्तर, मग आयोगाचं मत, अशी मांडणी असते. एकाच मजकुराच्या शेकडो पत्रांची तिथे एका परिच्छेदात बोळवण होते. याचिकेतला एखादा आकडा धरून विचारलेला प्रश्न मात्र असा गुंडाळता येत नाही.

शेतीपंपांचंच घ्या. बऱ्याच पंपांना मीटर नाहीत, त्यामुळे त्यांचा वापर अंदाजाने धरतात. समजा कंपनीने १०० युनिट वीज घेतली आणि मीटरवर ६० विकली. उरलेली ४० पंपांनी वापरली की गळतीत आणि चोरीत गेली? पंपांच्या नावावर २८ दाखवली तर गळती १२ दिसते. पंपांचा वापर २० निघाला, तर गळती थेट २०. म्हणजे पंपांचा वापर फुगवून दाखवला की शेतकरी फुकटा ठरतो, कंपनी कार्यक्षम दिसते, आणि फरक तुमच्या-आमच्या दरात येतो. पूर्वीच्या वीज मंडळाच्या पहिल्या सुनावण्यांत ग्राहक संघटना आणि पुण्याचा प्रयास हा अभ्यासगट यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं होतं, आणि गळती मंडळ सांगत होतं त्यापेक्षा बरीच जास्त असल्याचं बाहेर आलं. तेव्हा तुमच्या हरकतीत विचारा: हा अंदाज कोणत्या फीडरच्या (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीच्या) नोंदींवरून काढला? तालुक्यातल्या फीडरची नोंद आणि तिथल्या पंपांचा मंजूर भार सोबत जोडता आला तर उत्तमच.

‘सरासरी अमुक टक्के वाढ’ या मथळ्यावरही थांबू नका. स्थिर आकार, म्हणजे वीज कितीही वापरली तरी दरमहा द्यावी लागणारी रक्कम, वाढला तर महिन्याला ५० युनिट जाळणाऱ्या घराला तो टक्केवारीपेक्षा जास्त टोचतो. बिलातली स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार ही प्रत्येक ओळ प्रस्तावित दराशी ताडून पाहा. वीज शुल्कावर मात्र आयोगाशी भांडून उपयोग नाही. ते राज्य सरकार लावतं, भांडण तिकडे न्या.

स्वतःच्या बिलाची तक्रार घेऊन दराच्या सुनावणीत उभं राहणारेही खूप असतात. चिडणं समजू शकतं, पण मीटर पळतोय किंवा अंदाजे बिल आलंय, तर त्यासाठी आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल असा रस्ता आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत मंचाकडे जायचं असतं आणि मंचाच्या आदेशापासून ६० दिवसांत लोकपालांकडे. लेखी तक्रारीची पोचपावती घ्यायला विसरू नका.

आदेश आला म्हणजे विषय संपला, असंही समजू नका. २८ मार्च २०२५ च्या आदेशावर महावितरणने पुनर्विलोकन मागितलं, आयोगाने काही दिवसांतच आपल्या त्या आदेशाला स्थगिती दिली आणि २५ जूनला सुधारित दर आले. आदेशाने बाधित ग्राहकालाही दिल्लीच्या विद्युत अपिलीय न्यायाधिकरणात दाद मागता येते. मुदत आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवस.